कराचीचं विमान: इराणच्या किनाऱ्यावरून की अरबांच्या?

इम्पिरियल एअरवेज या जुन्या ब्रिटिश विमान कंपनीच्या लंडन–कराची सेवेबद्दल वाचायला घ्या. बहुतेक ठिकाणी नकाशावर एकच रेघ ओढलेली असते: कैरो, बगदाद, बसरा आणि मग आखातावरून कराची. या रेघेवर कुणी इराणी किनाऱ्यावरची बुशेर आणि जास्क लिहितं, कुणी अरबी बाजूची बहारीन आणि शारजा, तर काही महाभाग समोरासमोरच्या दोन किनाऱ्यांची गावं एकाच माळेत ओवून मोकळे होतात. कंपनी तीच, दोन्ही टोकं तीच, नावही दोन्हींना ‘आखाती मार्ग’ हेच. गोंधळ व्हायचाच. पण हे दोन वेगळे मार्ग होते. पहिला १९२९ ते १९३२ चालला, दुसरा ऑक्टोबर १९३२ पासून. विमान पहिल्यावरून दुसऱ्यावर गेलं त्याचं कारण वारा, अंतर किंवा इंजिन यांत शोधू नये. ते तेहरानमध्ये होतं.

आधी इराणी किनारा. मार्ग आखणाऱ्याच्या डोळ्यांनी पाहिलं तर ही बाजू जवळजवळ तयारच होती. आखाताच्या तळातून टाकलेली तारेची केबल १८६४ पासून चालू होती. बुशेर आणि जास्कला तार खात्याची ठाणी, माणसं आणि घरं होती. पुढच्या मुक्कामी धुळीचं वादळ आहे की आकाश निरभ्र, हे वैमानिकाला निघण्याआधी कळणं त्या काळात अर्धी लढाई जिंकण्यासारखं होतं. शिवाय किनारा धरून उडायचं म्हणजे वाट चुकण्याची भीती कमी, आणि इंजिन रुसलंच तर खाली टेकायला जमीन.

हे सगळं कागदावर नव्हतं, उडून पाहिलेलं होतं. डिसेंबर १९२६ मध्ये ब्रिटनचे हवाईमंत्री सॅम्युएल होअर पत्नीसह तीन इंजिनांच्या हर्क्युलिस विमानात बसले आणि याच किनाऱ्याने जानेवारीत दिल्लीला पोहोचले. तिथे व्हाइसरॉयच्या पत्नीने विमानाचं ‘सिटी ऑफ दिल्ली’ असं नामकरण केलं. थाटमाट झाला, भाषणं झाली. आणि नियमित सेवा सुरू झाली ती फक्त बसरापर्यंत! तेहरानने पुढची परवानगीच दिली नाही. विमान तयार, मार्ग पाहिलेला, तरी दोन वर्षं सगळं बसऱ्यात अडकून पडलं.

रझा शाह गादीवर येऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते. आपल्या किनाऱ्यावर इंग्रजांचा तळ आणखी पक्का होऊ द्यायचा नाही, हा त्यांच्या सरकारचा हिशेब सरळ होता. बहारीनवरचा हक्क, आखातातली बेटं, तेलाचा करार, सगळीकडे वाद चालूच होते, त्यात हे विमान. अखेर तीन वर्षांपुरती किनाऱ्याची वाट मोकळी झाली आणि ३० मार्च १९२९ ला लंडनच्या क्रॉयडन विमानतळावरून पहिली टपाल निघाली. प्रवास सात दिवसांचा, त्यातही मध्ये स्वित्झर्लंडमधलं बाझल ते इटलीतलं जिनोव्हा चक्क आगगाडीने, कारण युरोपातही परवानग्यांची रड होतीच. बसरानंतर बुशेर, लिंगेह, जास्क, ग्वादर, कराची. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अंधारात उतरताना ‘सिटी ऑफ जेरुसलेम’ हे विमान जास्कला कोसळलं. तयार बाजूदेखील किती कच्ची होती ते यावरून कळतं.

मुदत संपत आली तेव्हा इराणने म्हटलं, जा, पण देशाच्या मधून जा. म्हणजे डोंगररांगांवरून. त्या काळच्या विमानांना ते परवडणारं नव्हतं, आणि इराणला हे कळत नसेल असं मला तरी वाटत नाही.

आता अरबी किनारा. इथे गोष्ट बरोबर उलटी. कुवेत आणि बहारीन सोडले तर पुढे तारेची सोय नाही, रस्ता नाही, पिण्याच्या पाण्याची मारामार. शारजा सोडलं की डोंगर ओलांडून ओमानच्या आखाताचा लांबलचक पाण्यावरचा टप्पा थेट ग्वादरपर्यंत. चार इंजिनांचं हँडली पेज ४२ तोवर सेवेत आलेलं होतं म्हणून हा टप्पा निदान विचारात तरी घेता आला. तेही ताशी जेमतेम १६० किलोमीटरने जाणारं, दोन मजली पंखांचं धूड. निव्वळ जमिनीचा विचार करणाऱ्या माणसाने ही बाजू कधी निवडली नसती.

पण इथल्या शेखांनी १८९२ साली इंग्रजांशी करार करून परक्या सत्तांशी परस्पर व्यवहार न करण्याचं कबूल केलेलं होतं. तेहरानसारखा ठाम नकार इथून येणार नाही, असा लंडनचा अंदाज. तो अर्धाच खरा ठरला. करार समुद्रापुरते आणि परराष्ट्रव्यवहारापुरते, जमीन शेखांची. विमानतळ म्हटलं की आज विमान, उद्या पहारेकरी, परवा गोरा अधिकारी, ही धास्ती सगळ्यांनाच. रास अल खैमाकडे विचारणा झाली, जमलं नाही. दुबईतही बस्तान बसेना. वाटाघाटींची सूत्रं हलवणारे पोलिटिकल रेसिडेंट, म्हणजे आखातातले ब्रिटिश सरकारचे मुख्य प्रतिनिधी, बिस्को शारजाला निघाले असताना जुलै १९३२ मध्ये जहाजावरच वारले, आणि सही घ्यायला कुवेतमधले ब्रिटिश एजंट डिक्सन यांना धावावं लागलं. गंमत म्हणजे अरब शेखांवर देखरेख ठेवणाऱ्या या रेसिडेंटची कचेरी होती इराणच्या भूमीवर, बुशेरमध्ये!

२२ जुलैला शारजाचे शेख सुलतान बिन सक्र यांनी करार केला. महिन्याला ८०० रुपये भाडं आणि ५०० रुपये शेखांचं व्यक्तिगत मानधन. रुपये हे आपलेच, हिंदुस्थानचे. आखातात तेव्हा तेच चलन होतं. ही रक्कम शेखांना का मोलाची वाटली, हे कळायला मुंबईच्या बाजारात डोकवावं लागतं. आखातातले मोती विकले जायचे मुंबईत, आणि जपानी मोत्यांनी व मंदीने त्या धंद्याचं कंबरडं मोडलं होतं. घरातूनच विरोध होत असतानाही शेख सही करतात, ते या पार्श्वभूमीवर.

५ ऑक्टोबर १९३२ ला पहिलं विमान शारजाला उतरलं. पुढे तिथे मुक्कामासाठी जे विश्रामगृह उभं राहिलं ते दिसायला किल्लाच: जाड भिंती, बुरूज, भोवती काटेरी तार, दारावर शेखांचे बंदूकधारी. प्रवासी संध्याकाळी यायचे, जेवायचे, झोपायचे आणि उजाडता निघायचे. शारजात राहणाऱ्या मराठी मंडळींना ही वास्तू ‘अल महत्ता’ संग्रहालय म्हणून माहीत असेल. जुन्या धावपट्टीचा आता शहरातला रस्ता झाला आहे. बाकीच्यांना शारजा म्हणजे सचिन आणि १९९८ चं धुळीचं वादळ. वैमानिकांनाही त्या धुळीशी झगडावं लागायचंच, फक्त टाळ्या नव्हत्या.

दुसऱ्या मार्गाची किंमत मात्र भाड्यावर थांबली नाही. शारजा–ग्वादर टप्प्यात काही बिघडलं तर उतरायला डोंगरापलीकडे जागा हवी होती. ती कल्बाला मिळत होती, म्हणून १९३६ मध्ये इंग्रजांनी कल्बाच्या शेखांना वेगळे राज्यकर्ते म्हणून मान्यता देऊन टाकली. आणीबाणीच्या एका धावपट्टीसाठी एक आख्खं संस्थान! पुढे ते पुन्हा शारजात विलीन झालं. इराणच्या बाजूला असा व्यवहार शक्यच नव्हता. तिथे समोर एक सरकार होतं आणि ते सरळ ‘नाही’ म्हणू शकत होतं.

आपल्याकडे या बदलाची दखल कुणी घेतल्याचं दिसत नाही, कारण १५ ऑक्टोबर १९३२ ला जे. आर. डी. टाटा कराचीहून पस मॉथ विमानात इम्पिरियलची टपाल घेऊन अहमदाबादमार्गे जुहूला उतरले आणि ती बातमी मोठी ठरली. लंडनहून येणाऱ्या टपालीचा किनारा त्याच महिन्यात बदलला होता, हे तिच्याआड झाकलं गेलं.

तेव्हा जुनं वेळापत्रक किंवा टपालाचं पाकीट हाती आलं तर काय बघायचं? ग्वादरवर जाऊ नका. ते दोन्ही मार्गांवर आहे, आणि तेव्हा ते ब्रिटिश हिंदुस्थानातही नव्हतं, मस्कतच्या सुलतानाकडे होतं. इम्पिरियलच्या थांब्यांत लिंगेह असेल तर तो १९२९–३२ चा काळ. बहारीन किंवा शारजा असेल तर त्यानंतरचा. मात्र १९३५ च्या नकाशात बुशेर आणि जास्क दिसले म्हणून तो लगेच चुकीचा ठरवू नये. डचांची विमान कंपनी के. एल. एम. बटाव्हियाला (आजच्या जकार्ताला) जाताना इराणी किनाराच वापरत राहिली. तेहरानचं भांडण इंग्रजांशी होतं. म्हणून तारखेआधी कंपनीचं नाव वाचावं.