टॉमी जॉन शस्त्रक्रियेने चेंडूचा वेग वाढतो का?

बेसबॉलमधील पिचरच्या, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या खेळाडूच्या, कोपरावर होणाऱ्या ‘टॉमी जॉन’ शस्त्रक्रियेमुळे हात पूर्वीपेक्षा बळकट होतो आणि चेंडूचा वेग वाढतो, असा समज अमेरिकेत वर्षानुवर्षे पसरलेला आहे. काही पालक तर धडधाकट मुलांसाठीही तिची चौकशी करतात. हा समज चुकीचा आहे. कोपरातील फाटलेल्या लिगामेंटच्या (हाडांना जोडणाऱ्या पट्ट्याच्या) जागी, बहुधा रुग्णाच्याच शरीरातील, टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) बसवण्याची ही दुरुस्ती आहे. तिने गमावलेली क्षमता परत मिळू शकते, तीही प्रत्येकाला मिळतेच असे नाही. परतल्यावर कोणाचा वेग वाढलेला दिसलाच, तर त्याचे श्रेय त्या काळातील सक्तीची विश्रांती आणि शिस्तबद्ध व्यायाम यांना द्यायला हवे.

गैरसमजाला खतपाणी घातले असावे ते, ज्यांच्या नावाने ही शस्त्रक्रिया ओळखली जाते त्या खुद्द टॉमी जॉन यांच्या कारकिर्दीने. लॉस एंजेलिस डॉजर्स संघाच्या या डावखुऱ्या पिचरवर डॉ. फ्रँक जोब यांनी 1974 साली शस्त्रक्रिया केली. 1975 चा संपूर्ण हंगाम गमावून परतलेल्या जॉन यांनी 1989 पर्यंत आणखी 164 विजय मिळवले, आधीचे होते 124. मात्र वेग हे त्यांचे अस्त्र कधीच नव्हते. त्यांची भिस्त खाली झुकणाऱ्या ‘सिंकर’ चेंडूवर आणि अचूकतेवर होती.