चर्च 'सोडलेली' पोरं: हा आकडा येतो कुठून?

अमेरिकेत ७० टक्के पोरं मोठी झाली की चर्च सोडतात, असा एक आकडा सगळीकडे फिरतो, त्याबद्दल हे. सुरुवात संडे स्कूलपासून, म्हणजे चर्चतर्फे रविवारी भरणारी मुलांची शाळा. १७८० च्या सुमारास इंग्लंडात संडे स्कूल पसरली ती कारखान्यात राबणाऱ्या पोरांना वाचायला शिकवायला, कारण त्यांना सुट्टी रविवारचीच. १८७० नंतर सरकारी शाळा आल्या आणि संडे स्कूलकडे उरला फक्त धर्म. मोठी झालेली पोरं टिकत नाहीत ही ओरड तेव्हाही होतीच, १८८१ मध्ये अमेरिकेत तरुणांचा एक संघ निघाला तो याच काळजीतून.

पुढे दुसऱ्या महायुद्धानंतर टीनएजर हा वेगळा वर्ग धरला जायला लागला आणि चर्चनेही त्यांना वेगळी खोली दिली, वेगळा पाळक (पाद्री), गिटार, कॅम्प वगैरे. हेतू चांगलाच होता. पण बऱ्याच ठिकाणी असं झालं की सतरा वर्षांच्या पोराने मोठ्यांसोबत बसून पूर्ण उपासना क्वचितच केलेली, आणि अठराव्या वर्षी युथ ग्रुप संपला की चर्चच्या मोठ्या माणसांत त्याच्या ओळखीचं कोणी नाही. मग तो गेला म्हणून दोष मोबाईलला.

आता खरा गुंता, तो म्हणजे 'सोडलं' हा शब्द. २००७ मध्ये अमेरिकेतल्या प्रोटेस्टंट (कॅथलिक नसलेला एक मोठा ख्रिस्ती पंथ) तरुणांचा एक सर्व्हे आला, त्यात ७० टक्के पोरं चर्च सोडतात असं निघालं आणि तेव्हापासून हा आकडा प्रवचनात, पुस्तकात, युथ पाळकांच्या ट्रेनिंगमध्ये सगळीकडे फिरतोय (२०१७ ला पुन्हा केला तर ६६). पण 'सोडलं' कुणाला म्हटलंय बघा: किशोरवयात निदान वर्षभर नियमित यायचा आणि १८ ते २२ मध्ये कधीतरी वर्षभर यायचा थांबला, तो गेला. म्हणजे कॉलेजसाठी दुसऱ्या शहरात गेलेली, रविवारी नोकरीची शिफ्ट असलेली पोरगीसुद्धा त्यातच, आणि देवच मानत नाही म्हणणारा पण त्यातच. २००७ च्याच सर्व्हेत अशा गळालेल्यांपैकी तिशीपर्यंत साधारण एक तृतीयांश परत नियमित येत होते, ते मात्र कुणी सांगत नाही, कारण घाबरवायला ७० बरा पडतो.

तरी काही बदललंच नाही असंही नाही. पूर्वी पोरं जायची आणि लग्नाला, मग बाळाच्या बाप्तिस्म्याला (चर्चमध्ये सामील करून घेण्याच्या विधीला) परत यायची, आणि तिथूनच पुन्हा सवय लागायची. १९६० मध्ये अमेरिकेत पहिल्या लग्नाचं मधलं वय मुलींचं वीसच्या आसपास होतं, मुलांचं तेवीसच्या आत, २०२० ला ते २८ आणि ३० झालं. एवढ्या वर्षात रविवार दुसऱ्याच कशाला तरी लागलेला असतो. त्यात १९९० नंतर अमेरिकेत 'धर्म कोणता' याला 'कोणताच नाही' म्हणणारे झपाट्याने वाढले, १९७२ मध्ये ५ टक्के होते ते २०१२ ला २० च्या घरात, तिशीच्या आतले तर तिघांत एक. चर्च आणि एका बाजूचं राजकारण एकच झालं हे त्यामागचं मोठं कारण मानलं जातं, आणि २००२ पासून चर्चमध्ये मुलांवर झालेल्या लैंगिक अत्याचारांची, त्याहून जास्त ती झाकल्याची प्रकरणं बाहेर आली. याच्यावर वेगळं लिहावं लागेल.

'कोणताच नाही' म्हणजे नास्तिक असंही नाही हं, त्यातले कितीतरी प्रार्थना करतात.

जर्मनीत हा घोळ जरा कमी, कारण तिथे सदस्यांकडून चर्चचा टॅक्स कापला जातो, तो थांबवायचा तर सरकारी ऑफिसात जाऊन बाहेर पडल्याची नोंद करावी लागते. २०२२ मध्ये एकट्या कॅथलिक चर्चमधून ५ लाखांहून जास्त लोकांनी ती केली. जिथे असा टॅक्स नाही तिथे पोराचं नाव रजिस्टरमध्ये तसंच राहतं, आणि तो गेला की नुसता येत नाहीये हे त्याच्या आईलाही सांगता येत नाही.