कस्कस बेटांवर पोहोचला तो माणसाच्या होडीतून

उत्तरेकडचा करडा कस्कस हा कांगारूसारखाच पोटाला पिशवी असलेला प्राणी, पण त्याचं सगळं आयुष्य झाडावर जातं. मूळचा ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडच्या न्यू गिनी बेटाच्या जंगलातला. दाट लोकरीसारखी फर, पाठीवरून गेलेला गडद पट्टा आणि फांदीला विळखा घालणारी शेपूट. शेपटीचं टोक मात्र केस नसलेलं, खालून खरखरीत. त्यामुळे ओल्या फांदीवरही पकड सुटत नाही. दिवसा पानांत दडून झोपायचं आणि रात्री पाला, फळं खायची, हा त्याचा क्रम.

हा संथ प्राणी समुद्रापलीकडच्या न्यू आयर्लंड बेटावर गेला कसा, याचं उत्तर तिथल्या गुहांत सापडलं. हे बेट न्यू गिनीला कधीच जोडलेलं नव्हतं. हिमयुगात समुद्र खाली गेला तेव्हाही मध्ये खोल पाणी होतं. माणूस मात्र ३५ हजार वर्षांपूर्वीच तिथे पोहोचला होता. त्या काळच्या थरांत मासे, शिंपले, सरडे, वटवाघळं, उंदीर यांचे अवशेष मिळतात, कस्कसचं एक हाडही नाही. सुमारे २० हजार वर्षांपूर्वीच्या थरांपासून ते दिसू लागतं. तिथल्याच माटेनबेक गुहेत त्याच सुमारास ज्वालाकाचेचे, म्हणजे लाव्हा थिजून होणाऱ्या काचेसारख्या दगडाचे, तुकडेही येतात, आणि ही काच शेजारच्या न्यू ब्रिटन बेटावरच्या तालासेआची. म्हणजे होड्यांची ये-जा सुरू होती आणि त्यांतून प्राणीही आला, असा निष्कर्ष संशोधकांनी काढला. तो मला पटतो. शेती नाही, पाळीव जनावरं नाहीत, अशा काळात शिकारी माणसांनी एका बेटाचं जंगल बदलून टाकलं. माणसाने वन्य प्राणी दुसरीकडे नेल्याचा हा जगातल्या सर्वांत जुन्या पुराव्यांपैकी एक.

पुढे सॉलोमन बेटं आणि तिमोर इथेही माणसानेच तो नेला. बिस्मार्क बेटसमूह (न्यू आयर्लंड, न्यू ब्रिटन वगैरे) आणि सॉलोमनकडचा कस्कस ही वेगळी जात धरावी, असं काही अभ्यासक म्हणतात.

युरोपला या प्राण्यांची ओळख फार उशिरा झाली. आजच्या इंडोनेशियातल्या मोलुक्का बेटांवरची पोर्तुगीज ठाणी तेव्हा गोव्याच्या अखत्यारीत होती. तिथे १५३६ ते १५४० या काळात कारभार पाहिलेल्या आंतोनियो गाल्वांवने झाडावर राहणाऱ्या, शेपटीने लटकणाऱ्या आणि पोटाच्या पिशवीत पिल्लू वाढवणाऱ्या प्राण्याचं वर्णन लिहून ठेवलं. करड्या कस्कसला शास्त्रीय नाव मिळालं ते १७६६ मध्ये, निसर्ग-अभ्यासक पीटर पालासकडून.

तिमोरमध्ये त्याला आज ‘मेडा’ म्हणतात. मांसासाठी त्याची शिकार अजूनही होते.