पहिला नाही, दुसरा: तरुणाई आणि बदलाचं गणित

तरुणांवर बोलायला कोणी उभं राहिलं की पाच मिनिटांत सळसळतं रक्त येतंच. त्यांच्यात जोश असतो, हार्मोन्स असतात, म्हणून समाज तेच बदलतात वगैरे. ऐकायला भारी वाटतं, पण जोश तर प्रत्येक पिढीत त्या वयाच्या पोरांकडे असतोच ना, मग बहुतेक वर्षं काहीच का घडत नाही आणि एखाद्या आठवड्यात एकदम सगळंच कसं घडतं?

१ फेब्रुवारी १९६०, अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातलं ग्रीन्सबरो शहर. कॉलेजच्या पहिल्या वर्षातली चार कृष्णवर्णीय मुलं वूलवर्थच्या दुकानात खाण्याच्या काउंटरवर जाऊन बसली. तिथे बसून खायची सोय फक्त गोऱ्यांना होती. मुलांनी कॉफी मागितली, मिळाली नाही, तरी दुकान बंद होईपर्यंत उठली नाहीत. दुसऱ्या दिवशी वीसपेक्षा जास्त जण आले, चौथ्या दिवसापर्यंत आकडा ३०० च्या आसपास गेला, दोन महिन्यांत हे लोण दक्षिणेतल्या कितीतरी शहरांत पसरलं आणि जुलैमध्ये त्याच काउंटरवर कृष्णवर्णीयांना खायला मिळायला लागलं. आता बघा, ३१ जानेवारीलाही त्या शहरात राग तेवढाच होता, अन्याय तर कित्येक दशकांचा होता, मग त्या चार दिवसांत लोकांच्या मनात असं काय बदललं?

मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाचं उत्तर असं की मनात फारसं काही बदलायची गरजच नसते. १९७८ साली त्याने एक मॉडेल मांडलं, आणि ते इतकं साधं आहे की पहिल्यांदा वाचताना हे आधी कोणाला कसं सुचलं नाही असं वाटतं. प्रत्येक माणसाचा एक थ्रेशोल्ड असतो, म्हणजे आधी किती जण पुढे आलेले दिसले की मी पण पुढे येईन तो आकडा. कोणाचा शून्य, तो एकटाच उठतो. कोणाचा ५, कोणाचा ४०. कोणी ९९ वाला, सगळं जग गेल्यावर चप्पल घालणारा.

१०० माणसं घ्या, थ्रेशोल्ड ०, १, २, ३ असे ओळीने ९९ पर्यंत. शून्यवाला उठला, त्याला बघून १ वाला उठला, दोघांना बघून २ वाला, असं करत शंभरच्या शंभर रस्त्यावर. आता यात एकच बदल करा, १ वाल्या माणसाचा थ्रेशोल्ड २ करा, बाकी ९९ जण जसेच्या तसे. शून्यवाला उठतो, आजूबाजूला बघतो, कोणीच येत नाही. खेळ खलास. दोन्ही गर्दींच्या थ्रेशोल्डची सरासरी काढली तर ४९.५० आणि ४९.५१, म्हणजे कुठल्याही सर्व्हेत या दोन गर्दी सारख्याच दिसतील, आणि निकाल मात्र एकीकडे १०० आणि दुसरीकडे १. म्हणून ‘यंदाची मुलं थंड आहेत’ असं कोणी म्हणालं की मला हे आठवतं, थंड बिंड काही नसतं, १ वाला गायब असतो.

यापुढचा भाग माझा फार लाडका आहे, थोडा धीर धरा. थ्रेशोल्ड ओळीने न लावता नेहमीच्या घंटेच्या आकाराच्या वक्रात वाटले, सरासरी २५ ठेवली, आणि फक्त प्रमाण विचलन, म्हणजे माणसामाणसांतला फरक, हळूहळू वाढवत नेला तर काय होईल? आलेखावर आडवी आत्ता बाहेर असलेल्यांची संख्या घ्या, उभी त्या संख्येइतका किंवा त्याहून कमी थ्रेशोल्ड असलेल्यांची संख्या. हा वक्र ४५ अंशांच्या रेषेला, म्हणजे जिथे दोन्ही आकडे सारखे असतात त्या रेषेला, वरून येऊन जिथे छेदतो तिथे गर्दी थांबते. विचलन कमी असताना छेद अगदी सुरुवातीलाच मिळतो, विचलन वाढवत नेलं तरी गर्दी जेमतेम सहाएक माणसांपर्यंत जाऊन अडकते, आणि साधारण १२.२ च्या पलीकडे गेलात की तो खालचा छेदच नाहीसा होतो आणि पुढचा मिळतो थेट १०० च्या जवळ. सहावरून शंभर, मधलं काही नाही! सरासरी तीच, लोक आधीइतकेच भित्रे, फक्त त्यांच्यातली विविधता केसभर वाढली.

डोकं गरगरलं असेल तर एवढंच घ्या की किती माणसं तापलीत याच्याइतकंच कमी, मध्यम आणि जास्त थ्रेशोल्डवाले एकमेकांना दिसतायत का, हे पण महत्त्वाचं. तरुणांची खरी ताकद मला इथे दिसते. नोकरी, कर्जाचे हप्ते, पदरात मूल यातलं काही नसेल तर गमवायला कमी, म्हणून थ्रेशोल्ड खाली, आणि शाळा-कॉलेजात शून्यवाले, पाचवाले, चाळीसवाले सगळे दिवसभर एकमेकांच्या नजरेसमोर. असं पुन्हा आयुष्यात सहसा होत नाही.

मेंदूचाही थोडा हात आहे. २००५ साली गार्डनर आणि स्टाइनबर्ग या मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला, त्यात गाडी चालवायच्या व्हिडिओ गेममध्ये किशोरवयीन मुलांनी मित्र बघत असताना एकट्यापेक्षा बराच जास्त धोका पत्करला, चोवीस वर्षांवरच्यांना मात्र मित्र असले नसले तरी फारसा फरक पडला नाही. यावरून लगेच ‘बघा, कच्चा मेंदू’ असं म्हणतात, पण मित्रांकडे बघून पाऊल टाकायची तीच सवय चांगल्या कामातही चालेलच की.

नुसत्या तत्त्वनिष्ठेवर किती भागतं? १९६४ च्या उन्हाळ्यात मिसिसिपीत कृष्णवर्णीयांची मतदार नोंदणी करायला जाण्यासाठी शेकडो विद्यार्थ्यांनी अर्ज केले, काम जिवावरचं होतं, काही जण ऐनवेळी गळाले. समाजशास्त्रज्ञ डग मॅकअ‍ॅडमने नंतर ते अर्ज तपासले तर गेलेल्यांच्या आणि गळालेल्यांच्या विचारांत फार फरक नव्हता, फरक होता तो आधीच्या अनुभवात, संघटनांमधल्या सहभागात आणि जवळचे मित्र चाललेत की नाही यात.

जाता जाता, ते मिलेनियल, जेन झी, जेन अल्फा प्रकरण. अमुक साली जन्मलेली मुलं बंडखोर, तमुक साली जन्मलेली हळवी, हे राशिभविष्यच आहे, फक्त ग्रहांच्या जागी मार्केटिंगवाले बसलेत.

व्हायरल होण्याचंही तसंच. बातमी पसरायला एक ओळखीचा माणूस पुरतो, वागणं बदलायला बहुतेकदा दोन-तीन लागतात. डेमन सेंटोला या समाजशास्त्रज्ञाने २०१० मध्ये १,५२८ लोकांवर ऑनलाइन प्रयोग केला, काहींना विखुरलेल्या जाळ्यात ठेवलं, काहींना ‘माझे मित्र एकमेकांचेही मित्र’ अशा घट्ट घोळक्यांत. एका आरोग्यविषयक साइटवर नाव नोंदवायचं होतं. विखुरलेल्या जाळ्यात सुमारे ३८ टक्क्यांनी नोंदवलं, घोळक्यांत सुमारे ५४ टक्क्यांनी, आणि तेही कितीतरी वेगाने. लाखभर अनोळखी लाइक्सपेक्षा वर्गातले तीन जण भारी पडतात ते यामुळे. त्याच्याच २०१८ च्या प्रयोगात ठाम अल्पसंख्य गट साधारण २५ टक्क्यांवर गेला की सगळ्यांचा रिवाज उलटायचा, पण तिथे प्रश्न फोटोतल्या चेहऱ्याला काय नाव द्यायचं एवढाच होता. कोणाची सत्ता, पैसा, इज्जत पणाला लागलेली नव्हती, त्यामुळे २५ टक्के जमले की क्रांती असं कोणी सांगत असेल तर जरा सबुरीने घ्या.

आणि मॉडेलला चांगलं-वाईट काही कळत नाही हेही खरं. ग्रॅनोव्हेटरचं मूळ उदाहरणच दंगलीचं होतं, रॅगिंगसुद्धा याच शिडीने चढतं.

पण उलटं वापरता येतं का, हे मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ पॅलक आणि तिच्या सहकाऱ्यांनी न्यू जर्सीतल्या ५६ शाळांमध्ये करून पाहिलं, निष्कर्ष २०१६ मध्ये आले. निम्म्याच शाळांत प्रत्येकी वीस-तीस मुलांचा एक छोटा गट निवडला, शाळेतली भांडणं आणि दादागिरी यावर त्यांनीच मोहीम आखायची, पोस्टर, हॅशटॅग, चांगलं वागणाऱ्याला रिस्टबँड, जे सुचेल ते, मोठ्यांनी भाषण द्यायचं नाही. वर्षभरात या शाळांतल्या भांडणांच्या तक्रारी बाकी शाळांच्या तुलनेत ३० टक्क्यांनी कमी झाल्या. आणि गटात जितकी जास्त मुलं शाळेत सगळ्यांचं लक्ष असलेली होती तितका परिणाम जास्त. ही मुलं कोण हे शिक्षकांना विचारलंच नव्हतं, सगळ्या मुलांना विचारलं होतं की तुम्ही कोणासोबत वेळ घालवता, आणि ज्यांची नावं सगळ्यात जास्त आली ती ही मुलं.