व्यावसायिक फुटबॉलमधील कन्कशन व दुखापत व्यवस्थापन

सामन्यात किंवा सरावात खेळाडूच्या डोक्याला मार बसल्यावर त्याला खेळू द्यायचे की बाहेर काढायचे, बाहेर काढल्यावर पुन्हा केव्हा उतरवायचे आणि हे ठरवण्याचा अधिकार कोणाकडे असावा, यासाठी क्लब व स्पर्धा उभारतात ती वैद्यकीय आणि नियमांची व्यवस्था. यातला शेवटचा प्रश्न सर्वांत कळीचा आहे. या विषयाचा गेल्या वीस वर्षांचा इतिहास म्हणजे हा अधिकार खेळाडू आणि व्यवस्थापक (म्हणजे संघाचा मुख्य प्रशिक्षक) यांच्या हातून काढून डॉक्टरकडे सोपवण्याचा इतिहास आहे. पुढील विवेचनात मुख्यतः इंग्लंडमधील प्रीमियर लीगचे उदाहरण घेतले आहे, कारण तिथले प्रसंग आणि त्यातून झालेले नियम यांची नोंद स्पष्ट मिळते.

कन्कशन म्हणजे काय : मेंदू कवटीत द्रवावर तरंगत असतो. डोक्याला किंवा नुसता मानेला, छातीला जोराचा हिसका बसला तरी मेंदू आतल्या आत हलतो, पिळवटतो. चेतापेशींचे काम काही काळ विस्कळीत होते. हाडाला तडा गेलेला नसतो, रक्तस्राव नसतो, त्यामुळे नेहमीच्या सीटी स्कॅनमध्ये सहसा काहीच दिसत नाही. मांडीचा स्नायू फाटला तर खेळाडू लंगडतो आणि सगळ्यांना दिसते. इथे खेळाडू उठतो, हात वर करून ‘मी ठीक आहे’ असे सांगतो आणि ते त्याला स्वतःला खरेही वाटत असते. शुद्ध हरपली नाही म्हणजे कन्कशन नाही, हा समज चुकीचा आहे. बहुतेक वेळा शुद्ध हरपतच नाही. डोके दुखणे, गरगरणे, मळमळ, प्रकाश सहन न होणे, डोक्यात धुके भरल्यासारखे वाटणे, चिडचिड, झोपेची घडी विस्कटणे ही लक्षणे कधी लगेच, तर कधी काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी दिसू लागतात. पहिला धक्का भरून येण्याआधी दुसरा बसला तर बरे होणे लांबते आणि क्वचित, विशेषतः कोवळ्या वयात, मेंदूला प्राणघातक सूज येते. संशय आला की खेळाडूला बाहेर काढायचे, हा नियम यातूनच आला.

मैदानावरची तपासणी : डॉक्टर धावत येतो तेव्हा पहिली शंका मानेची आणि श्वासाची असते. ती फिटल्यावर तो गुडघे टेकून साधे प्रश्न विचारतो : आज आपण कोणत्या मैदानावर आहोत? पहिला हाफ चालू आहे की दुसरा? शेवटचा गोल कोणी केला? मागच्या आठवड्यात कोणाशी खेळलो? तो सामना जिंकलो का? ऑस्ट्रेलियातील मॅडॉक्स यांच्या नावाने हे प्रश्न ओळखले जातात. वार, तारीख असे प्रश्न मुद्दाम टाळलेले आहेत. धक्का बसलेला खेळाडूही ती पुष्कळदा बरोबर सांगतो, चुकतो तो ताज्या घडामोडींत. बोलताना डॉक्टर त्याची नजर, तोल आणि उत्तराला लागणारा वेळ पाहत असतो. आजूबाजूला साठ हजार लोक ओरडत असतात, खेळ थांबलेला असतो, पंच घड्याळ बघत असतो.

पूर्ण तपासणी वेगळी आणि शांत खोलीत करायची असते. तिच्यासाठी जगभर ‘स्कॅट’ हे साधन वापरतात. त्याची सध्याची सहावी आवृत्ती खेळातील कन्कशनवरच्या २०२२ मधील ॲमस्टरडॅम परिषदेनंतर २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत २२ लक्षणांची यादी, शब्दांची यादी ऐकून लगेच आणि काही मिनिटांनी पुन्हा सांगणे, आकडे उलट क्रमाने म्हणणे, एका पायावर डोळे मिटून उभे राहणे असे भाग आहेत. नीट करायची तर दहा-पंधरा मिनिटे लागतात. क्लब हंगामापूर्वीच प्रत्येक खेळाडूची ही चाचणी घेऊन ठेवतात, म्हणजे मार बसल्यानंतरचे गुण त्याच्याच गुणांशी ताडून पाहता येतात.

चेकची कवटी : १४ ऑक्टोबर २००६ रोजी रेडिंगच्या मैदानावर चेल्सीचा सामना होता. पहिल्याच मिनिटात चेंडू घ्यायला खाली झेपावलेला गोलरक्षक पेत्र चेक याच्या डोक्यावर रेडिंगच्या स्टीफन हंटचा गुडघा आदळला. कवटीचे हाड आत दबले होते. ऑक्सफर्डमध्ये त्याच्यावर शस्त्रक्रिया झाली. त्याच सामन्यात त्याच्या जागी आलेला कार्लो कुडिचिनी हाही डोक्याला मार लागून बेशुद्ध झाला आणि शेवटची मिनिटे बचावपटू जॉन टेरी याने हातमोजे घालून गोल राखला. चेकला रुग्णालयात नेण्यास उशीर झाल्याची तक्रार चेल्सीचे व्यवस्थापक जोझे मोरिन्यो यांनी जाहीरपणे केली. रुग्णवाहिका सेवेने ती नाकारली. वाद काहीही असो, त्यानंतर प्रीमियर लीगच्या सामन्यांना खेळाडूंसाठी वेगळी रुग्णवाहिका आणि पॅरामेडिक ठेवणे बंधनकारक झाले. चेक २० जानेवारी २००७ रोजी लिव्हरपूलविरुद्ध परतला तो रग्बीतल्यासारखी मऊ टोपी घालून. २०१९ मध्ये निवृत्त होईपर्यंत ती त्याच्या डोक्यावर होती. एकदा मोडलेल्या कवटीला तिचा आधार होता. मात्र अशी टोपी कन्कशन टाळते, असे कोणी समजू नये. ती बाहेरून बसणारा मार झेलते, आतला मेंदू हलायचा तो हलतोच.

निर्णय कोणाचा : ३ नोव्हेंबर २०१३ रोजी एव्हर्टनच्या रोमेलू लुकाकूचा गुडघा लागून टॉटनहॅमचा गोलरक्षक ह्यूगो लॉरिस बेशुद्ध पडला. उठल्यावर त्याने बाहेर जायला नकार दिला आणि तो खेळत राहिला. निर्णय आपला होता असे व्यवस्थापक आंद्रे व्हिलास-बोआस यांनी नंतर सांगितले. खेळाडूंच्या जागतिक संघटनेने त्यावर कडक टीका केली. लॉरिस पुढे नीट खेळला, पण ते नशीब होते. त्याच्या खेळण्यामागे कोणताही वैद्यकीय विचार नव्हता.

पुढच्याच वर्षी ब्राझीलमधील विश्वचषकात सगळ्या जगाने हे पाहिले. १९ जून २०१४ रोजी इंग्लंडच्या रहीम स्टर्लिंगचा गुडघा लागून उरुग्वेचा आल्वारो परेरा निपचित पडला. बदली खेळाडूची खूण झाल्यावर तो डॉक्टरवरच ओरडला आणि परत मैदानात गेला. १३ जुलैच्या अंतिम सामन्यात अर्जेंटिनाच्या गारायचा खांदा जर्मनीच्या ख्रिस्टोफ क्रामरच्या चेहऱ्यावर बसला. क्रामर आणखी चौदा मिनिटे खेळला. मध्येच त्याने पंच निकोला रिझोली यांना विचारले, हा अंतिम सामना आहे का? रिझोली यांनी जर्मन संघाला कळवले आणि त्याला बाहेर घेतले गेले. आयुष्यातल्या सर्वांत मोठ्या सामन्याचा तो भाग क्रामरला आजही आठवत नाही.

प्रीमियर लीगने २०१४-१५ च्या हंगामापासून नियम बदलले. डोक्याच्या दुखापतीत क्लबच्या डॉक्टरचा शब्द अंतिम ठरला, शुद्ध हरपलेल्या खेळाडूला त्या दिवशी पुन्हा खेळण्यास बंदी झाली आणि दोन्ही संघांच्या डॉक्टरांच्या मदतीला, खेळाडू मैदानात येतात त्या बोगद्याशी, एक तिसरा, तटस्थ डॉक्टर आला. पंचाला तपासणीसाठी तीन मिनिटांपर्यंत खेळ थांबवण्याची मुभा मिळाली.

कागदावरचा अधिकार प्रत्यक्षात किती टिकतो, हा प्रश्न उरतोच. ८ ऑगस्ट २०१५ रोजी पंचाने बोलावल्यामुळे चेल्सीच्या डॉक्टर ईव्हा कार्नेरो मैदानात गेल्या. त्यामुळे जखमी खेळाडूला नियमानुसार काही क्षण बाहेर जावे लागले आणि आधीच दहा जणांवर आलेला संघ नऊ जणांवर आला. मोरिन्यो यांनी त्यांच्यावर उघड राग काढला, त्यांना संघापासून दूर केले गेले आणि त्यांनी क्लब सोडला. जून २०१६ मध्ये न्यायाधिकरणासमोर तडजोड झाली आणि क्लबने बिनशर्त माफी मागितली. हा प्रसंग डोक्याच्या दुखापतीचा नव्हता, तरी प्रत्येक क्लबच्या डॉक्टरने त्याची मनोमन नोंद घेतली असणार. आपली नोकरी ज्याच्या मर्जीवर आहे त्याला ‘नाही’ म्हणणे, हा या कामाचा सर्वांत अवघड भाग आहे.

बदली खेळाडूचा नियम : २९ नोव्हेंबर २०२० रोजी आर्सेनलविरुद्ध वुल्व्ह्जच्या राऊल हिमेनेझची डेव्हिड लुईझशी डोक्याला डोके टक्कर झाली. हिमेनेझची कवटी मोडली. डोक्याला पट्टी बांधलेला लुईझ मध्यंतरापर्यंत खेळत राहिला. पुढच्याच महिन्यात फुटबॉलचे नियम ठरवणाऱ्या आयफॅब या मंडळाने कन्कशनसाठी जादा बदली खेळाडूचा प्रयोग मान्य केला आणि फेब्रुवारी २०२१ पासून तो इंग्लंडमध्ये सुरू झाला. २०२४-२५ च्या नियमांत हा बदल कायमचा झाला, मात्र तो लागू करायचा की नाही हे स्पर्धेवर सोपवले आहे. ही बदली नेहमीच्या बदल्यांत मोजत नाहीत आणि समोरच्या संघालाही एक जादा बदली मिळते, म्हणजे कोणी खोटे कारण सांगून फायदा घेणार नाही.

मराठी वाचकाला हा नियम क्रिकेटमुळे ओळखीचा आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये लॉर्ड्सवर जोफ्रा आर्चरचा चेंडू लागल्यावर स्टीव्ह स्मिथच्या जागी मार्नस लाबुशेन आला, तर डिसेंबर २०२० मध्ये कॅनबेरात रवींद्र जडेजाच्या जागी युजवेंद्र चहल. फुटबॉलचा पेच वेगळा आहे : खेळ फार वेळ थांबत नाही आणि तीन मिनिटांत डॉक्टरने कायमचा निर्णय द्यायचा असतो. रग्बीत खेळाडूला तपासणीसाठी १२ मिनिटे बाहेर नेतात, तोवर तात्पुरता खेळाडू आत येतो आणि तपासणी निर्दोष निघाली तर मूळचा परततो. फुटबॉलमध्येही तात्पुरती बदली हवी, असा खेळाडू संघटनेचा आणि प्रीमियर लीगसह काही लीगचा आग्रह आहे. जानेवारी २०२३ मध्ये आयफॅबने तिचा प्रयोगही नाकारला. माझ्या मते ही या व्यवस्थेतली सर्वांत मोठी उणीव आहे. ३० एप्रिल २०१९ रोजी चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य सामन्यात टॉटनहॅमचा यान व्हर्टोंगेन नाकातोंडातून रक्त येत असताना तपासणीनंतर मैदानात परतला आणि थोड्याच वेळात दोघांच्या खांद्यांवर भार टाकून बाहेर गेला. पुढे नऊ महिने डोकेदुखी आणि गरगरणे यांनी आपल्याला छळले, असे त्याने नंतर सांगितले. २०२२ च्या विश्वचषकात इराणचा गोलरक्षक अलीरेझा बेरानवंद लांबलेल्या उपचारांनंतर असाच खेळत राहिला आणि लगेच त्याला स्ट्रेचरवरून न्यावे लागले.

परतीच्या पायऱ्या : पहिले २४ ते ४८ तास विश्रांती, पण अंधाऱ्या खोलीत पडून राहणे नव्हे. थोडे चालणे-फिरणे चालते. मोबाइल, टीव्हीचा पडदा मात्र कमी करावा. मग सायकल किंवा हलके धावणे, मग एकट्याने चेंडूचा सराव, मग टक्कर नसलेला सांघिक सराव, मग डॉक्टरच्या परवानगीने पूर्ण सराव आणि शेवटी सामना. प्रत्येक पायरीला किमान एक दिवस. सुरुवातीच्या पायऱ्यांवर लक्षणे किंचित वाढली तर चालते, सांघिक सरावाला मात्र लक्षणे पूर्ण गेल्याशिवाय जाता येत नाही. डॉक्टरांची चोवीस तास देखरेख नसलेल्या हौशी खेळाडूंसाठी ब्रिटनच्या २०२३ च्या सूचना सामन्यात परतण्यापूर्वी किमान २१ दिवस सांगतात.

इतर दुखापती : क्लबच्या वैद्यकीय विभागाचा रोजचा वेळ स्नायूंवर जातो. स्वीडनचे डॉक्टर यान एक्स्ट्रांड २००१ पासून युरोपातील अव्वल क्लबांच्या दुखापतींची नोंद ठेवत आले आहेत. तिच्यानुसार २५ जणांच्या संघात हंगामाला सुमारे ५० दुखापती होतात. मांडीमागचा स्नायू, म्हणजे हॅमस्ट्रिंग, हे सर्वांत मोठे दुखणे; एकूण दुखापतींत त्याचा वाटा दोन दशकांत १२ टक्क्यांवरून २४ टक्क्यांवर गेला. याच नोंदींतून आणखी एक गोष्ट दिसली : जिथे डॉक्टर आणि मुख्य प्रशिक्षक यांच्यात मोकळे बोलणे असते, तिथे दुखापतींचा भार कमी असतो.

हेडर आणि म्हातारपण : वेस्ट ब्रॉमविचचा गाजलेला आघाडीपटू जेफ ॲस्टल जानेवारी २००२ मध्ये ५९ व्या वर्षी स्मृतिभ्रंशाने गेला. वारंवार हेडर, म्हणजे डोक्याने चेंडू, मारल्याने मेंदूला इजा झाली असे ठरवून मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने त्या मृत्यूला ‘औद्योगिक आजार’ म्हटले. खाणकामगाराच्या फुप्फुसाला लावतात तोच शब्द. ग्लासगोचे मेंदूतज्ज्ञ विली स्टुअर्ट यांनी २०१९ मध्ये ७,६७६ माजी स्कॉटिश व्यावसायिक खेळाडूंची पाहणी प्रसिद्ध केली : मेंदू झिजवणाऱ्या आजारांनी मृत्यू येण्याचे प्रमाण सर्वसामान्यांच्या साडेतीन पट होते. हृदयविकाराने मरण्याचे प्रमाण मात्र कमी होते. पुढच्या विश्लेषणात हा धोका बचावपटूंत सर्वाधिक दिसला आणि गोलरक्षकांत वाढलेला दिसला नाही. यानंतर इंग्लंडमध्ये लहान मुलांच्या सरावातून हेडर काढले गेले आणि २०२१ पासून व्यावसायिक संघांना आठवड्याच्या सरावात जोराचे दहाच हेडर मारण्याची शिफारस झाली.

भारतात : ५ डिसेंबर २००४ रोजी बंगळुरूत फेडरेशन चषकाच्या अंतिम सामन्यात गोव्याच्या धेंपो क्लबचा ब्राझिलियन आघाडीपटू क्रिस्टियानो ज्युनियर मोहन बागानच्या गोलरक्षकावर आदळून कोसळला. धेंपोचे दोन्ही गोल त्यानेच केले होते. दुसऱ्या गोलच्या क्षणीच तो पडला आणि परत उठला नाही. हृदय बंद पडणे हे मृत्यूचे कारण ठरले. मैदानावरच्या वैद्यकीय सोयी किती तोकड्या होत्या, यावर तेव्हा देशभर संताप उसळला.

डॉक्टर नसलेल्या मैदानांसाठी, म्हणजे तालमींच्या आणि शाळांच्या सामन्यांसाठी, ‘कन्कशन रेकग्निशन टूल’ हे खिशात मावणारे पत्रक फुकट मिळते. ते वापरायला वैद्यकीय शिक्षण लागत नाही. मान दुखणे, वाढत जाणारी डोकेदुखी, वारंवार उलटी, झटके, एकाचे दोन दिसणे, हातापायांत मुंग्या किंवा बळ जाणे, गुंगी वाढत जाणे यांपैकी एक जरी दिसले तरी मुलाला हलवायचे नाही आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ ला फोन करायचा. यांतले काहीच नसले, पण मुलगा नेहमीसारखा वाटत नसेल, तर त्या दिवशी त्याचा खेळ संपला. त्याला एकटे सोडायचे नाही आणि सायकलवरून घरी जाऊ द्यायचे नाही.