अँटेना न्यू जर्सीत, माईक मालाडमध्ये: रिमोट हॅम स्टेशनसाठी परवाना कुठला आणि अर्ज कसा

रिमोट स्टेशन म्हणजे इंटरनेटवरून दुरून चालवायचं हॅम (हौशी रेडिओ) स्टेशन. त्याचा विषय निघाला की बोलणं लगेच रिग (रेडिओचा संच), सॉफ्टवेअर आणि इंटरनेटच्या स्पीडवर जातं. त्याच्या आधी परवान्याचं बघा. लहरी ज्या देशातल्या अँटेनामधून बाहेर पडतात, परवाना त्या देशाचा लागतो. तुम्ही खुर्ची टाकून बसलात मालाडला आणि ट्रान्समीटर न्यू जर्सीत असला, तर तुमच्या व्हीयू कॉलसाइनचा (भारतीय परवान्यावरच्या ओळखचिन्हाचा) तिथे काडीचा उपयोग नाही. उलट घर दादरला आणि अँटेना कोकणातल्या गावच्या घरावर असेल, तर सगळा मामला दिल्लीच्या डब्ल्यूपीसी विंगचा, म्हणजे दूरसंचार विभागाच्या वायरलेस परवाने देणाऱ्या शाखेचा.

मुंबईकरांना रिमोटची ओढ का लागते हे एचएफवर (लघुलहरींवर) बसणाऱ्याला समजावून सांगायची गरज नाही. एलईडी दिव्यांचे ड्रायव्हर, लिफ्टचे इन्व्हर्टर ड्राइव्ह, वरच्या-खालच्या मजल्यांवरचे स्वस्त चार्जर या सगळ्यांचा कचरा बँडवर येतो. त्यातून गच्चीवर डायपोल (तारेची अँटेना) ताणायचा तर सोसायटीच्या कमिटीची परवानगी मिळवा.

अँटेना भारतात असेल तर

हा भाग थोडक्यात, कारण प्रक्रिया नेहमीच्या हॅम परवान्याचीच आहे. वय किमान १२ वर्षं, नागरिकत्व भारतीय. आधी एएसओसी, म्हणजे ऑपरेटर म्हणून परीक्षा पास झाल्याचं प्रमाणपत्र; मग स्टेशनचा परवाना. हे दोन वेगळे कागद आहेत आणि त्यांचे अर्जही वेगळे. परीक्षा पास झालो म्हणजे कॉलसाइन मिळाली असं समजून बरेच जण तिथेच थांबतात. अर्ज दूरसंचार विभागाच्या सरल संचार पोर्टलवर करायचा. जन्मतारखेचा पुरावा, पत्त्याचा पुरावा, फोटो आणि सहीचं स्कॅन तयार ठेवूनच बसा. परवान्याचे ग्रेड दोन. रिस्ट्रिक्टेड ग्रेडला मोर्स कोडची परीक्षा नाही. जनरलला मिनिटाला ८ शब्दांचा मोर्स आहे. रिस्ट्रिक्टेडवाल्यांची कॉलसाइन व्हीयू३ने सुरू होते, जनरलवाल्यांची व्हीयू२ने. मुंबईतलं परीक्षेचं काम पूर्वापार बोरिवलीच्या गोराई रोडवरच्या मॉनिटरिंग स्टेशनातून चालत आलं आहे.

रिमोटवाल्यांची गफलत पत्त्यात होते. परवान्यावर स्टेशनचा पत्ता असतो, आणि स्टेशन म्हणजे जिथे ट्रान्समीटर आणि अँटेना आहेत ती जागा. आधार कार्डावर दादर आहे म्हणून परवान्यावरही दादर टाकायचं आणि यंत्र मात्र गुहागरला ठेवायचं, हे चालणार नाही. गावच्या घराचा घरपट्टीचा किंवा विजेच्या बिलाचा कागद जोडा, आणि घर काकांच्या नावावर असेल तर त्यांचं संमतीपत्रही हाताशी असू द्या. आधीच परवाना असेल तर पत्ता बदलून घ्या. स्टेशन इंटरनेटवरून, दुसऱ्या गावातून चालवणार असल्याचं डब्ल्यूपीसीला अर्जासोबतच लेखी कळवा आणि उत्तर लेखीच घ्या. फोनवर कुणी ‘हो चालेल’ म्हणालं तर उद्या चौकशी आल्यावर त्याला काही अर्थ राहत नाही.

अँटेना अमेरिकेत असेल तर

खरी गंमत इथे आहे. मुंबईत बसून अमेरिकेचा परवाना रीतसर काढता येतो आणि त्यासाठी विमानात पाऊल टाकावं लागत नाही. एफसीसी या तिथल्या दळणवळण नियामक आयोगाच्या नियमांप्रमाणे परकीय सरकारचा प्रतिनिधी सोडून कुणीही पात्र आहे. नागरिकत्वाची अट नाही, किमान वयाचीही नाही. भारतीय परवान्यावर अमेरिकेत बोलण्याची जी परस्पर सवलत आहे, ती प्रत्यक्ष तिथे गेलेल्यांसाठी आहे. घरी बसून अमेरिकेतली रिग चालवणाऱ्याला ती लागू होत नाही. एकमेकांचे परवाने मान्य करण्याच्या युरोपातल्या सेप्ट सवलतीचंही तसंच. शिवाय भारत त्यात नाही.

सगळ्यात आधी अमेरिकेतला टपालाचा पत्ता हवा. तिथे राहायची गरज नाही, पण त्या पत्त्यावर आलेलं पत्र तुमच्यापर्यंत पोहोचलं पाहिजे. मावसभाऊ न्यू जर्सीतल्या एडिसनला असेल तर प्रश्न मिटला, पण त्याला नीट विचारा. परवाना निघाला की तुमच्या नावासह तो पत्ता एफसीसीच्या यूएलएस या सार्वजनिक डेटाबेसमध्ये जगाला दिसतो. आपल्या घराच्या पत्त्यावर भलत्याच माणसाचं नाव झळकलेलं सगळ्यांना आवडेलच असं नाही. कॉलसाइनमधला आकडाही या पत्त्यावरून ठरतो: न्यू जर्सीला २, कॅलिफोर्नियाला ६. ईमेल मात्र स्वतःचाच द्या. एफसीसी आता सगळं ईमेलवरच कळवते, आणि ईमेल चुकीचा असल्यामुळे पत्रव्यवहार परत गेला तर परवाना रद्द होऊ शकतो.

मग एफसीसीच्या कोअर्स या प्रणालीत खातं उघडून एफआरएन काढायचा. हा १० आकडी नोंदणी क्रमांक फुकट आणि तिथल्या तिथे मिळतो. फॉर्म सोशल सिक्युरिटी नंबर मागतो. तो नसण्याचं कारण निवडायची सोय तिथेच असते, त्यात परदेशी व्यक्तीचा पर्याय निवडा. आकडे बनवून टाकू नका. नोंदणी व्यक्ती म्हणून करा, संस्था म्हणून नाही.

आपल्या नावांचा घोळ इथे सुरू होतो. स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव ही आपली पद्धत. तिकडच्या फॉर्मवर मधल्या नावाला एका अक्षराचीच जागा. पासपोर्टवर तर स्वतःचं आणि वडिलांचं नाव एकाच रकान्यात असतं. पहिल्या नावाच्या जागी फक्त स्वतःचं नाव, मधल्या रकान्यात वडिलांच्या नावाचं आद्याक्षर, शेवटी पासपोर्टवर आहे तसंच आडनाव लिहा. स्पेलिंग एफआरएनमध्ये, परीक्षेच्या फॉर्मवर आणि पासपोर्टवर एकच हवं. एका ठिकाणी एच आणि दुसरीकडे नाही, एवढ्यानेही फाइल अडकते.

परीक्षा एफसीसी स्वतः घेत नाही. व्हीईसी नावाच्या मान्यताप्राप्त संस्था स्वयंसेवक परीक्षकांमार्फत घेतात. काही फी घेतात. लॉरेल व्हीईसी घेत नाही. झूमवर घरबसल्या परीक्षा घेणाऱ्या टीम बऱ्याच आहेत, पण नाव नोंदवताना अमेरिकेबाहेर बसलेल्या उमेदवाराला घेता का, हे आधी विचारा. टेक्निशियन या पहिल्या दर्जाला ३५ पैकी २६ उत्तरं बरोबर हवीत, त्यावरच्या जनरलला ३५ पैकी २६, सगळ्यात वरच्या एक्स्ट्राला ५० पैकी ३७. मोर्स २००७ सालीच काढून टाकला आहे. प्रश्नसंच उत्तरांसकट जाहीर असतात आणि दर चार वर्षांनी १ जुलैला बदलतात: टेक्निशियनचा २०२६ला, जनरलचा २०२७ला, एक्स्ट्राचा २०२८ला. जूनमध्ये पाठ केलेला संच जुलैच्या पेपरला कामाचा राहत नाही.

रिमोटसाठी नुसत्या टेक्निशियनवर थांबण्यात अर्थ नाही. एचएफवर व्हॉइससाठी त्याला १० मीटर बँडचा २८.३०० ते २८.५०० मेगाहर्ट्झ एवढाच तुकडा मिळतो. त्याच बैठकीत पुढचा पेपर देता येतो, तेव्हा जनरलची तयारी करूनच बसा.

वेळेचं गणित आधीच मांडा. न्यूयॉर्कचे संध्याकाळचे ७ म्हणजे मुंबईत हिवाळ्यात पहाटेचे साडेपाच आणि तिकडे घड्याळ पुढे असताना, मार्च ते नोव्हेंबर, पहाटेचे साडेचार. तारीख दुसऱ्या दिवशीची. टेबल रिकामं लागतं, कॅमेरा फिरवून सगळी खोली दाखवावी लागते आणि परीक्षा संपेपर्यंत खोलीत दुसरं कुणी येऊन चालत नाही. वन बीएचकेमध्ये ही अट पेपरपेक्षा अवघड, म्हणून घरच्यांना आदल्या रात्रीच सांगून ठेवा. ओळखपत्र म्हणून पासपोर्ट धरा. फॉर्मवर गंभीर गुन्ह्यात दोषी ठरल्याबद्दल एक प्रश्न असतो. तो रकाना रिकामा सोडू नका.

पास झाल्यावर व्हीईसी फाइल पुढे पाठवते आणि एफसीसीचा ३५ डॉलर भरण्याचा ईमेल येतो. फाइल नंबर पडल्यापासून १० दिवसांत पैसे गेले पाहिजेत, नाहीतर अर्ज रद्द. दिवस कॅलेंडरचे मोजायचे, सुट्ट्या वजा होत नाहीत. पैसे कोअर्समधूनच भरायचे. इथे आपलं कार्ड दगा देतं: रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे नवं कार्ड येतं तेच परदेशी व्यवहार बंद ठेवून. बँकेच्या ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय ऑनलाइन व्यवहार चालू करा आणि मर्यादा तपासा. ईमेल स्पॅममध्ये गेला असेल म्हणून तेही रोज उघडून बघा. यूएलएसवर नाव आणि कॉलसाइन दिसेपर्यंत पीटीटी (ट्रान्समिट करायचं बटण) दाबायचं नाही. हातात परीक्षा पास झाल्याचा कागद असला तरी नाही. छापील परवाना घरी येत नाही, पीडीएफ स्वतः उतरवून घ्यायची.

स्टेशन दुसऱ्याचं असेल तर

बहुतेकांचं असंच असतं: तिकडच्या मित्राचं किंवा भाड्याने मिळणारं. स्टेशनच्या मालकाने तुम्हाला कंट्रोल ऑपरेटर (स्टेशन चालवणारा जबाबदार माणूस) म्हणून नेमल्याची लेखी नोंद हवी. ती नसेल तर एफसीसी मालकालाच ऑपरेटर धरते, आणि तुमची चूक त्याच्या गळ्यात. एका ईमेलमध्ये तारीख, दोघांच्या कॉलसाइन आणि कोणत्या बँडवर परवानगी आहे हे लिहून घेतलं की काम होतं. त्याचा दर्जा एक्स्ट्रा असला तरी तुमची मर्यादा तुमच्याच दर्जाची राहते. आपल्याकडे १४.१५० मेगाहर्ट्झच्या आसपास बोलायची सवय असलेल्यांची गाडी इथेच घसरते. तिकडे जनरलवाल्याला २० मीटरवर व्हॉइस १४.२२५ पासून पुढेच. दर १० मिनिटांनी आणि शेवटी कॉलसाइन सांगायची. असा क्यूएसओ (रेडिओवरचा संवाद) अमेरिकेच्या खात्यात जातो, कॉलसाइनला व्हीयू जोडू नका. लॉग यूटीसीमध्ये, म्हणजे आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा.

दुरून चालवल्या जाणाऱ्या स्टेशनासाठी एफसीसीच्या नियम ९७.२१३मध्ये आणखी अटी आहेत. परवान्याची प्रत आणि मालकाचं व किमान एका ऑपरेटरचं नाव, पत्ता, फोन असलेलं लेबल स्टेशनवर दर्शनी जागी लावलेलं हवं. अनधिकृत माणसाला ट्रान्समिट करता येऊ नये, म्हणजे पासवर्ड एकमेकांत वाटून घ्यायचा नाही. आणि जोडणी बिघडली तर ट्रान्समिशन जास्तीत जास्त ३ मिनिटांत थांबलं पाहिजे. आयकॉम आयसी-७३०० या रिगच्या सेट मेन्यूत सीआय-व्हीसाठी, म्हणजे कॉम्प्युटरवरून रिग चालवण्याच्या जोडणीसाठी, टाइम-आउट टायमर आहे. तो मुळात बंद असतो, ३ मिनिटांवर लावायला सांगा. त्यावर भरवसा ठेवण्याआधी चाचणी घ्या: तिकडे डमी लोड (अँटेनाऐवजी शक्ती जिरवणारा रोध) जोडून घ्या, इथून पीटीटी दाबा, आणि दाबलेलं असतानाच लॅपटॉपची लॅन केबल उपटा. तिकडच्या माणसाने घड्याळ लावून बघायचं. सर्व्हर सॉफ्टवेअर चांगलं असेल तर पीटीटी काही सेकंदांत सुटतं. नसेल तर ३ मिनिटांनी टायमर सोडवतो. दोन्ही झालं नाही तर त्या स्टेशनला हात लावू नका.

इंटरनेटबद्दल एवढंच, की स्पीडपेक्षा स्थिरता महत्त्वाची. न्यूयॉर्क मुंबईपासून सरळ रेषेत सुमारे १२,५०० किलोमीटर. फायबरमधून जाऊन यायला प्रकाशालाच १२५ मिलिसेकंद लागतात, आणि केबल सरळ रेषेत जात नाहीत, म्हणून प्रत्यक्षात २०० च्या वरच धरा. व्हॉइसला हे चालतं. मोर्सला नाही: मिनिटाला २० शब्दांच्या वेगाला एक डिट (मोर्समधला ठिपका) ६० मिलिसेकंदांची, वाटेत थोडं मागेपुढे झालं की अक्षर बिघडतं. म्हणून अक्षरं मजकूर म्हणून पाठवून कीअर (मोर्सचे ठिपके-रेघा तयार करणारं यंत्र) तिकडे ठेवायचा. लॅपटॉप वायफायवर नको, केबलवर घ्या; राउटर आणि फायबरचा डबा दोन्ही इन्व्हर्टरवर. गावच्या स्टेशनाला मात्र वेगळी अडचण येते. बऱ्याच कंपन्या ग्राहकाला स्वतंत्र सार्वजनिक आयपी देत नाहीत, त्यामुळे पोर्ट उघडूनही बाहेरून रिग सापडत नाही. तिथे व्हीपीएन लावा किंवा स्टॅटिक आयपी विकत घ्या.

अमेरिकन परवान्याची मुदत १० वर्षं. नूतनीकरणाचा अर्ज संपण्याच्या ९० दिवस आधीपासून करता येतो, फी तेव्हाही लागते. मुदत उलटली तर पुढची दोन वर्षं परीक्षेशिवाय नूतनीकरण होतं, पण त्या काळात ट्रान्समिट करायचं नाही. मावसभावाने घर बदललं तर तुमचाही पत्ता यूएलएसमध्ये बदला. त्या दुरुस्तीला पैसे पडत नाहीत.