मल्हाररावांची गादी कुठल्या कायद्याने गेली? ट्वेलवाल्यांच्या वादामागचा इतिहास

आंतरराष्ट्रीय कायद्यात ट्वेल (TWAIL, म्हणजे Third World Approaches to International Law) नावाची एक विचारधारा आहे, तिसऱ्या जगाच्या बाजूने या कायद्याकडे बघणाऱ्या अभ्यासकांची, १९९७ ला हार्वर्डमधे त्यांची परिषद झाली तेव्हापासून हे नाव रुळलं. त्यांचं म्हणणं असं की हा कायदा आधी युरोपात तयार झाला आणि मग जगभर पोचला असं नाहीये, वसाहती चालवता चालवताच तो घडला. आता हे पुस्तकी वाटेल, पण निदान आपल्या बडोदेकरांना तरी वाटू नये.

१८०२ आणि १८०५ ला गायकवाडांनी कंपनीशी तह केले. तैनाती फौजेचे, म्हणजे बरोबरी कसली डोंबलाची, पण कागदावर दोन सरकारांतले तहच ना. मग १८७४ ला बडोद्यातला इंग्रजांचा प्रतिनिधी, म्हणजे रेसिडेंट, कर्नल फेअरला विष घातल्याचा आळ तेव्हाचे महाराज मल्हारराव गायकवाड यांच्यावर आला, पुढच्या वर्षी कमिशन बसलं, त्यात तीन इंग्रज आणि तीन आपले, म्हणजे ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज आणि ग्वाल्हेरचे माजी दिवाण सर दिनकरराव. इंग्रज तिघं म्हणाले दोषी, आपल्या तिघांना काही ते पटलं नाही, तीन-तीन. तरी एप्रिल १८७५ मधे गादी गेलीच, कारण दिलं गैरकारभाराचं. (कारभार वाईट होता हे खरंय, आणि त्यातूनच सयाजीराव मिळाले, पण मुद्दा तो नाही.)

१८९१ ला मणिपूर संस्थानात इंग्रज अधिकारी मारले गेले, त्या प्रकरणात हिंदुस्थान सरकारने गॅझेटात सरळ छापूनच टाकलं की आमच्या आणि संस्थानांच्या संबंधांना आंतरराष्ट्रीय कायद्याची तत्त्वं लागू नाहीत. झालं! सह्या घेताना तुम्ही राज्य, नंतर नाही.

१९५० च्या दशकात मद्रासला आंतरराष्ट्रीय कायदा शिकवणारे अलेक्झांड्रोविच यांनी जुने तह काढून दाखवलं की १७व्या-१८व्या शतकात युरोपवाले आशियातल्या राजांना सार्वभौम धरूनच करार करत होते, ही दारं १९व्या शतकात बंद झाली. आर. पी. आनंद वगैरे या विचारांच्या पहिल्या पिढीला वाटायचं की नवे देश आत आले की कायदा सुधारेल. अँटनी अँगी, बी. एस. चिमणी ही पुढची मंडळी जास्त कडक, त्यांच्या मते दोष कायद्याच्या पायातच आहे. मला दुसरी बाजू पटते, पण १९६० चा एक निकाल मधे येतो, कारण त्यात याच कायद्याने मराठ्यांचा तह खरा मानला.

दादरा-नगर हवेलीवरून पोर्तुगालने भारताला हेगच्या आंतरराष्ट्रीय कोर्टात खेचलं, आधार काय तर १७७९ चा मराठ्यांशी झालेला तह. आणि गंमत बघा, तो तह मराठ्यांवर बंधनकारक नव्हताच असं सांगत होता आपलाच भारत! कोर्ट म्हणालं की मराठे स्वतः तो बंधनकारक मानत होते, तेव्हा तह खरा, मात्र पोर्तुगीजांना दिला होता तो सरंजाम, म्हणजे नुसता महसूल, राज्य नव्हे. शेवटी भारताच्या हद्दीतून तिथे माणसं आणि माल नेण्याचा हक्क पोर्तुगालला होता असं ठरलं, फौज आणि हत्यारं नेण्याचा नाही, आणि भारताने काही मोडलं नाही असाही निर्वाळा मिळाला.